हर्ण्याची कोळंबी आणि तांदळाची गुंडाळी

दापोली तालुक्यातील हर्णे बंदरात, सुवर्णदुर्गासमोरच्या किनाऱ्यावर होड्या परतल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो, आणि तेथून घरोघरी जाणाऱ्या कोळंबीचे कालवण किंवा सुके होणे हे ठरलेलेच असते. परंतु हीच कोळंबी तांदळाच्या पातळ पापडीत गुंडाळून खाण्याची व्हिएतनामी रीत कोकणच्या स्वयंपाकघराला वाटते तितकी परकी नाही. स्प्रिंग रोल मूळचा चिनी असून त्याचे वेष्टण तेथे गव्हाच्या पिठाचे असते, व आपल्याकडील चायनीज गाड्यांवर मिळणारा मैद्याचा रोल त्याच घराण्यातला आहे. व्हिएतनाममध्ये मात्र वेष्टण तांदळाचे असते, आणि कोकणाशी त्याचे नाते येथेच जुळते.

कोकणात उन्हाळ्यात सालपापड्या करताना तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून, भिजवतात. नंतर बारीक वाटून त्याचे सरसरीत पीठ ताटलीवर पसरतात, वाफेवर शिजवतात आणि पापडी अलगद सोडवून वाळत घालतात. व्हिएतनामी कागदासारखी पापडी याच तत्त्वावर होते, कारण वाफेने तांदळातील पिष्ट फुलून एकसंध पडदा तयार होतो. बाजारी पापडीत बहुधा साबुदाण्याच्या कंदाचे पीठही मिसळलेले असते, त्यामुळे तिला चिवटपणा येतो आणि ती गुंडाळताना फाटत नाही.

ताज्या, न तळलेल्या रोलला व्हिएतनाममध्ये ‘गोइ कुऑन’ म्हणतात. कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, ती अपारदर्शक होईपर्यंतच उकडावी, कारण जास्त शिजल्यास ती रबरासारखी होते. मग ती उभी चिरावी. पापडी कोमट पाण्यात काही क्षण बुडवून, किंचित ताठ असतानाच ताटावर पसरावी, कारण भरता भरता ती आणखी मऊ होते. मध्यभागी शिजवलेल्या तांदळाच्या शेवया, काकडी, पुदिना, कोथिंबीर ठेवून एकदा वळावे, त्यापुढे कोळंबीची गुलाबी बाजू खाली येईल अशी मांडणी करावी, कडा आत दुमडाव्यात आणि घट्ट गुंडाळावे, म्हणजे पापडीतून कोळंबीचा रंग दिसतो. अळूवडीच्या उंड्यावर हात बसलेल्या व्यक्तीला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तळलेल्या रोलचे, म्हणजे ‘चा यो’चे, सारण कोरडे हवे; त्यासाठी चिरलेली कोळंबी, गाजर, कांदा आणि भिजवून निथळलेल्या शेवया घट्ट पिळून घ्याव्यात, अन्यथा वाफ कोंडून वेष्टण फुटते. तेल मध्यम तापलेले असावे आणि रोल एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडेच सोडावेत.

खरी ओळख पटते ती बुडवून खाण्याच्या रसात. तेथे लहान मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवून ‘नुऑक माम’ हा खारट अर्क काढतात व त्यात लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची घालतात. हर्ण्यात कोकमाचे आगळ, गूळ, पाणी, ठेचलेली लसूण-मिरची आणि भाजून कुटलेला चिमूटभर जवळा यांपासून आंबट-गोड-खारट असा रस होईल. तो मूळ रसाची नक्कल नसेल, पण कोळंबीला शोभणारा नक्कीच असेल. आगळात मीठ असतेच, म्हणून वेगळे मीठ चव पाहूनच घालावे. ताजे रोल फ्रिजमध्ये ठेवल्यास पापडी कडक होते, त्यामुळे ते ओल्या फडक्याखाली, एकमेकांना न टेकवता झाकून त्याच जेवणात संपवावेत.