आधण ते गाळणी

पाणी, दूध, साखर, पावडर सगळं एकदम पातेल्यात ओतायचं आणि ते उतू जायच्या बेताला येईपर्यंत दात घासून यायचं, ही अनेक घरांतली सकाळची रीत. होतो तो चहाच; पण त्याच घरातली माणसं नाक्यावरच्या टपरीचा चहा आठवून हळहळतात. टपरीवाल्याकडे गुप्त मसाला क्वचितच असतो. कशामागून काय टाकायचं, ते मात्र त्याच्या हाताला ठाऊक असतं.

आधी डब्यातली पावडर ओळखावी. दाणेदार असेल तर ती सीटीसी. पान चुरडायचं, फाडायचं आणि वळवायचं, या कामांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरं. १९३० च्या दशकात आसामच्या मळ्यांत ही पद्धत आली. यात पानाचे बारीक दाणे होतात, त्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, दुधापुढेही टिकतो. दार्जिलिंगच्या अख्ख्या पानाची गोष्ट निराळी. २००४ साली भौगोलिक मानांकन मिळवणारं हे भारतातलं पहिलं उत्पादन. त्यावर गरम पाणी ओतून झाकण ठेवावं, तीन-चार मिनिटांनी गाळावं, बस्स. एवढं महागाचं पान दुधात रटरटवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

दोन कप दुधाच्या चहाला सव्वा कप पाणी, एक कप दूध आणि दोन सपाट चमचे पावडर पुरते. आधण ठेवताना साखर आणि ठेचलेलं आलं पाण्यातच टाकावं.

आलं आधी का? ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. कोमट दुधात ते जोमानं काम करतं आणि दूध फाटतं. उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातले लोक याच गुणाचा फायदा घेतात. आल्याच्या रसावर गरम दूध ओतून ते खरवसासारखं थिजलं की चमच्यानं खातात. आपल्याला खरवस नको, चहा हवा आहे. तेव्हा आल्याला दोन मिनिटं खळखळू द्यावं.

मग पावडर. दोन-तीन मिनिटं मध्यम आचेवर पुरे. जास्त उकळलं म्हणजे चहा कडक होतो, हा समज जुना आहे. खरं तर कडूपणा आणि तुरटपणाच वाढत जातो. कडक हवा असेल तर पावडर अर्धा चमचा वाढवावी. दूध वेगळं तापवून घालावं. फ्रिजमधलं गार दूध ओतलं की उकळी बसते आणि पावडर उगाच जास्त वेळ शिजत राहते. दुधातलं केसीन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून जीभ आवळत नाही. दुधाची एक उकळी आली की गॅस बंद.

गवती चहाची पात आल्याबरोबर पाण्यात जाते. वेलदोडा शेवटी, कारण त्याचा वास वाफेबरोबर उडतो. लवंग, दालचिनी, मिरी, जायफळ सगळं एकदम घातलं तर ते काढा म्हणून प्यावं.

आणि कालच्या चोथ्यावर नवी पावडर टाकून भागवू नये. तो चोथा गुलाबाच्या कुंडीत घालावा, पण आधी धुऊन. साखर राहिली तर मुंग्या लागतात.