मूलभूत चौकट आणि शंका घेणारे न्यायमूर्ती

‘राज्यघटनेची मूलभूत चौकट’ हे शब्द आता वकिलांपुरते राहिलेले नाहीत. प्रचारसभेत ते ऐकू येतात, वाहिन्यांवरच्या हमरीतुमरीत ऐकू येतात, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये तर त्यांच्यावर हमखास प्रश्न असतो. पण घटनेची प्रत पहिल्या कलमापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत चाळली, तरी ते कुठे सापडत नाहीत. घटनाकारांनी तसे कलम लिहिलेच नव्हते. १७ सप्टेंबर १९४९ रोजी घटनादुरुस्तीच्या तरतुदीवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी कलमांचे तीन गट सांगितले. काही साध्या बहुमताने बदलतील, काहींना दोन तृतीयांश मते लागतील आणि काहींना त्याउपर निम्म्या राज्यांची संमती. ‘कधीच बदलता येणार नाही’ असा चौथा गट त्यांत नव्हता.

पश्चिम जर्मनीने त्याच वर्षी मे महिन्यात तो केला होता. वायमार घटनेखाली मार्च १९३३ मध्ये हिटलरने दोन तृतीयांश मते मिळवून संसदेचे अधिकार स्वतःकडे घेतले. त्याची धास्ती घेतलेल्यांनी नव्या मूलभूत कायद्याच्या ७९व्या कलमात लिहून ठेवले की मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य यांना कोणतीही दुरुस्ती हात लावू शकणार नाही. म्हणून आपल्याकडे गोष्ट सांगितली जाते ती अशी: डीट्रिश कॉनराड या जर्मन प्राध्यापकाने फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले, ते वकिलांच्या हाती लागले, नानी पालखीवालांनी ते तडीस नेले. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. बनारसच्या व्याख्यानाआधी तीनचार महिने सर्वोच्च न्यायालयात एक शंका नोंदवली गेली होती आणि ती नोंदवणारे न्यायमूर्ती वऱ्हाडातल्या घराण्यातले होते.

जनार्दन रघुनाथ मुधोळकर. वडील रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचे नामांकित वकील आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. मुलगा नागपूर उच्च न्यायालयातून पुढे दिल्लीला गेला. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी ‘सज्जनसिंग विरुद्ध राजस्थान’ खटल्याचा निकाल लागला. वाद होता सतराव्या घटनादुरुस्तीचा. जमीनसुधारणेचे ४४ कायदे एका फटक्यात नवव्या परिशिष्टात टाकून तिने त्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीतून मोकळे केले होते. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदाही त्यांत होता. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला: संसदेला दुरुस्तीचा अधिकार आहे आणि मूलभूत हक्कही त्यातून सुटत नाहीत. मुधोळकरांनी दुरुस्ती रद्द करा असे म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले की घटनेचे एखादे मूलभूत वैशिष्ट्यच बदलले, तर तिला दुरुस्ती म्हणायचे, की तो घटनेचा एक भाग नव्याने लिहिणे झाले? आणि नव्याने लिहिणेच असेल, तर ३६८वे कलम तेवढा अधिकार देते का? प्रश्न मांडला, उत्तर दिले नाही. निकालपत्रातला हा भाग मोठा नाही, पण पुढच्या सगळ्या इमारतीची कुदळ तिथे पडली, असे माझे मत आहे.

हा प्रश्न त्यांनी कुठून उचलला, ते तर आणखी गमतीचे आहे. मुधोळकरांनी आधार दिला तो पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालाचा. अयुबखानांच्या १९६२ च्या घटनेत मंत्री झालेल्याची सभागृहातली जागा जायची. मंत्रिपद हवे आणि जागाही हवी, म्हणून ‘अडचणी दूर करण्याच्या’ अधिकाराखाली अध्यक्षांनी आदेश काढून ही अट उडवली. पूर्व पाकिस्तानातल्या एका सदस्याने आव्हान दिले, ढाक्याच्या उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि सरन्यायाधीश कॉर्नेलियस यांच्या न्यायालयाने ते उचलून धरले. अडचण दूर करण्याच्या नावाखाली घटनेचा मूळ साचा बदलता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. लष्करशहाच्या घटनेतून निघालेला हा मुद्दा दिल्लीत आला, वाढला आणि १९८९ मध्ये पुन्हा ढाक्यात पोहोचला. तिथे बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय निकालांच्या आधारे आठव्या दुरुस्तीतला, उच्च न्यायालयाचे तुकडे करणारा भाग फेटाळला. सरहद्दीपलीकडची ही उधारी आपण सहसा सांगत नाही.

गोलकनाथ खटल्यावर इथे रेंगाळत नाही. १९६७ मध्ये सहा विरुद्ध पाच मतांनी मूलभूत हक्क संसदेच्या हाताबाहेर नेले गेले, इंदिरा गांधींच्या सरकारने १९७१ मध्ये चोविसावी दुरुस्ती करून ते परत मिळवले, आणि सगळा वाद कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या तरुण केशवानंद स्वामींच्या अर्जात येऊन मिळाला. केरळच्या जमीनसुधारणा कायद्यात मठाची जमीन जाणार होती. तेरा न्यायमूर्ती बसले. ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात ६८ दिवस सुनावणी चालली. स्वामींच्या बाजूने पालखीवाला आणि केरळच्या बाजूने एच. एम. सीरवई, म्हणजे मुंबईच्या वकिली वर्तुळातले दोन पारशी दिग्गज समोरासमोर. २४ एप्रिल १९७३ ला अकरा वेगवेगळी निकालपत्रे आली आणि सात विरुद्ध सहा असा कौल लागला: संसद कोणतेही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. चौकटीत नेमके काय येते, यावर त्या सातांचेही एकमत नव्हते. सरन्यायाधीश सिक्री यांची यादी वेगळी, शेलत आणि ग्रोव्हर यांची वेगळी. मालमत्तेचा हक्क चौकटीत येत नाही, असे निर्णायक मत देणाऱ्या न्या. खन्नांनीच लिहिले. स्वामींचे नाव इतिहासात राहिले. मठाच्या जमिनीला त्या निकालाचा आसरा मिळाला नाही.

विरोधातल्या सहांत मुंबई उच्च न्यायालयातून आलेले दोघे होते, दे. ग. पालेकर आणि पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. तरी बहुमताचा सारांश म्हणून जो कागद निघाला, त्यावर नऊ जणांच्या सह्या आहेत आणि त्यांत हे दोघेही आहेत. खरी गंमत दोन वर्षांनी झाली. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ११ ऑगस्टला होती. एकोणचाळिसावी दुरुस्ती ७ तारखेला लोकसभेत, ८ ला राज्यसभेत मंजूर झाली, १० ला तिच्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांची निवडणूक वैध आहे, हे तिने घटनेतच लिहून टाकले! ही दुरुस्ती तपासायला बसलेल्या पाच जणांपैकी खन्ना सोडले, तर चौघे १९७३ ला चौकटीच्या विरोधात मत दिलेले होते. तरी ७ नोव्हेंबरला ते कलम टिकले नाही. चंद्रचूडांनी बहुमताचा निकाल बंधनकारक मानला आणि कायद्यासमोरची समानता व कायद्याचे राज्य यांना ते कलम छेद देते, असे लिहिले. निवडणूक मात्र कायदा आधीच बदललेला असल्याने वैध ठरली. हा निकाल वाचून सीरवईंनीही आपले मत बदलले आणि आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत तसे नमूद केले.

चंद्रचूडांना नायक करून मोकळे व्हावे, तर एप्रिल १९७६ आड येतो. आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दारच बंद करणाऱ्या बहुमतात तेही होते आणि एकटे खन्ना विरोधात. पण १९८० ला सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्सचा निकाल त्यांनीच लिहिला. बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्ती-अधिकारावर कसलीच मर्यादा नाही, असे घोषित केले होते. चंद्रचूडांचे उत्तर असे: ज्याला मर्यादित अधिकार मिळाला, तो त्याच अधिकाराच्या जोरावर स्वतःला अमर्याद करू शकत नाही. तत्त्व म्हणून ते मला केशवानंदच्या अकरा निकालपत्रांपेक्षा नेमके वाटते. न्यायालयाच्या हाती यादी उघडी राहिली, ही तक्रार उरतेच. २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणूक आयोग रद्द करताना न्यायाधीशांनी चौकट आपल्याच नेमणुकांच्या बचावाला वापरली, हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणा कायदाच पुढे वामनराव खटल्यात पुन्हा न्यायालयात आला. आव्हान देणाऱ्यांची जमीन वाचली नाही, कायदा टिकला. पण चंद्रचूडांच्या पीठाने तिथे एक तारीख ठरवून दिली: २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात गेलेला प्रत्येक कायदा मूलभूत चौकटीवर तपासता येईल. जानेवारी २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी कोएलो खटल्यात ती पक्की केली. मराठा आरक्षणाचा कायदा मे २०२१ मध्ये रद्द झाला. तमिळनाडूचे ६९ टक्के आरक्षण नवव्या परिशिष्टात आहे, मग आमचेही टाका, ही मागणी महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून होत आली आहे. संसदेने उद्या ती मान्य केली, तरी परिशिष्टात जाऊन तो कायदा न्यायालयाच्या कसोटीतून सुटणार नाही, कारण महाराष्ट्रातल्याच जमीनधारकांच्या खटल्यात ठरलेली तारीख त्याला लागू होईल.