एका वेलीवर सगळा हंगाम

कळलावी रंगवायला बसलं की पहिला प्रश्न पडतो तो फुलाच्या वयाचा. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या या वेलीची कळी हिरवी असते. उमलताना पाकळ्या पिवळ्या होतात, मग टोकाकडून लाल रंग उतरू लागतो आणि फूल जुनं झालं की पाकळ्या जवळजवळ पूर्ण लाल होतात. यातलं कुठलं फूल काढायचं? वनस्पतिचित्रात उत्तर ठरलेलं आहे: सगळी.

म्हणून घाई असते. देठ पाण्यात, मागे पांढरा कागद, उजेड डावीकडून. चित्र झाडाच्या मापाचंच हवं, त्यामुळे प्रत्येक पाकळी कर्कटकानं मोजून कागदावर उतरवायची. फुलाचं तोंड जमिनीकडे आणि सहाही पाकळ्या उलट्या वळून आभाळाकडे. खाली सहा पुंकेसर चहूकडे फाकलेले. मधलं कुक्षीवृंत मात्र बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला जातं. ते सरळ काढलं, तर चित्र कितीही देखणं झालं तरी कळलावीचं राहत नाही.

रंग आधी फुलाला. पानांना थोडा दम असतो. कागदाच्या कडेला रंगाचे ठिपके लावून पुढे वेळ लिहून ठेवायची, कारण सकाळी मिसळलेला केशरी संध्याकाळी फुलावर सापडेलच असं नाही. पूर्ण पाकळीवर फिका पिवळा हात मारून तो वाळू द्यायचा. मग लाल जिथे थांबणार तिथे स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवायचा आणि टोकाकडून रंग सोडायचा. ओलीपाशी तो आपोआप विरतो. पाकळीच्या नागमोडी कडेची पिवळी रेघ मात्र पहिल्यापासून राखावी लागते. जलरंग पारदर्शक असतात. लालावर पिवळा चढवून ती रेघ परत येत नाही.

एवढं होऊनही कोपऱ्यात जागा कोरीच असते. ती बोंडाची. ते पिकून उकलायला, आतलं लाल बी दिसायला आणखी काही आठवडे जावे लागतात. पुरं झालेलं चित्र एकाच वेलीचं वाटतं, पण त्यात कळीपासून बियांपर्यंतचा सगळा हंगाम असतो.

हे कळलं की जुनी चित्रं वेगळी दिसू लागतात. सतराव्या शतकातल्या डच फुलदाण्यांत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब शेजारी शेजारी फुललेले असतात. असा गुच्छ प्रत्यक्षात कुणी रचलेला नसे. चित्रकार वेगवेगळ्या वेळी केलेल्या अभ्यासांतून तो जुळवत. आपल्याकडे १६२० मध्ये मुघल बादशहा जहांगीर काश्मीरला गेला. तिथली शंभरावर फुलं त्याचा दरबारी चित्रकार मन्सूर यानं रंगवल्याची नोंद बादशहाच्या आठवणींत आहे. मन्सूरच्या लाल ट्यूलिपपाशी फुलपाखरूही येतं. ते चित्र दरबारासाठी होतं, वनस्पती ओळखण्यासाठी नव्हे.

ओळखीसाठीची चित्रं आपल्या पुण्यातही झाली. १८२८ मध्ये दापोडीला सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झालं. पुढे त्याचे अधीक्षक झालेले डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रं करून घेतली. ती आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रांतली झाडं ओळखता येतात. ती काढणाऱ्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

फुलाचं चित्र पाहताना आपण पटकन म्हणतो, ‘अगदी खरं वाटतं!’ त्याआधी एवढं तपासावं: यातलं काय काय एकाच दिवशी दिसू शकेल? जे दिसू शकणार नाही, तिथे चित्रकारानं वाट पाहिलेली असते, नाहीतर जुन्या वहीतलं काही आणून बसवलेलं असतं. त्याची निवड तिथेच सापडते.