घसरणारा जबडा

अक्कलदाढ ठणकायला लागली म्हणून एक्स-रे काढला, तर रिपोर्टात शब्द आला ‘मॅन्डिबल’. म्हणजे खालचा जबडा. लॅटिनमध्ये ‘मान्डेरे’ म्हणजे चावणं, म्हणून चावायचं हत्यार ते ‘मान्डिबुला’. वरचा तो ‘माक्सिला’. डॉक्टरांपुरता विषय मिटला. लोकांच्या तोंडी मात्र जबड्याचा शब्द जागेवर बसत नाही, चेहराभर घसरत राहतो.

हाच ‘माक्सिला’ इटलीत ‘माशेल्ला’ होऊन जबडाच राहिला. स्पॅनिशमध्ये तो ‘मेखिया’ झाला आणि थेट गालावर जाऊन बसला. फिनलंडमध्ये हनुवटीही ‘लेउका’ आणि जबडाही ‘लेउका’. आपणही या घसरगुंडीतून सुटलेलो नाही. संस्कृतात ‘हनु’ म्हणजे जबडा; इंद्राच्या वज्राने तो मोडला, म्हणून मारुतीचा हनुमान झाला. त्याच मुळाचा ग्रीक ‘गेनुस’ जबड्यावरच थांबला, लॅटिन ‘गेना’ गालावर चढला, तर जर्मन ‘किन’, इंग्रजी ‘चिन’ आणि आपली ‘हनुवटी’ खाली टोकाला उतरली. हनुवटीवर बोट ठेवून घास चावून बघा: हाड एकच, सगळंच हलतं. शब्दांनी तरी सीमा कुठे आखायची?

जर्मनांची तऱ्हा वेगळी. ‘कीफर’ पुल्लिंगी असेल तर जबडा, स्त्रीलिंगी असेल तर पाइनचं झाड! दोघांचं मूळ वेगळं, पण जर्मन शिकणाऱ्याला हे सांगून काय उपयोग? पोलिश डॉक्टर मला जास्त नेटके वाटतात. त्यांचा वरचा जबडा ‘श्चेंका’, खालचा ‘झुख्वा’. आणि ‘झुच’ म्हणजे चावणं. लॅटिनची उसनवारी न करता काम भागलं.

हा गोंधळ आवरायला १८९५ मध्ये बाझेलला शरीररचनेच्या लॅटिन नावांची एक सामाईक यादी ठरली. तरी फ्रेंच डॉक्टर पुढेही बराच काळ खालच्या जबड्याला ‘खालचा माक्सिलेर’च म्हणत राहिले.

खरी चूक मात्र नावात नव्हती, हाडात होती. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने प्राण्यांची चिरफाड करून लिहून ठेवलं, की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. शतकानुशतकं तेच शिकवलं गेलं. १५४३ मध्ये वेसालियस या शरीररचनातज्ज्ञाने माणसांचे सांगाडे पाहून ते खोडून काढलं: हाड एकच. गेलनच्या बाजूने बोलायचं, तर साक्षीला तान्हं बाळ आणावं लागेल. जन्मताना त्याच्या खालच्या जबड्याचे खरोखरच दोन तुकडे असतात. ते हनुवटीपाशी जुळतात, पहिला वाढदिवस येईतो.