शिसपेन्सिलीतले ‘शिसे’ आले कुठून?

शिसपेन्सिल सगळ्यांच्या ओळखीची. पण तिच्यात शिसे मुळीच नसते, बरं का! हा काळा पदार्थ म्हणजे कार्बन, हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिले. वेर्नर याने १७८९ मध्ये, ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्याला ग्राफाइट हे नाव दिले. आपल्या तोंडी मात्र शिसपेन्सिल राहिली ती राहिलीच.

मग हा कार्बन खडकात आला कसा? ओडिशा आणि आंध्रच्या पूर्व घाटात खोंडालाइट नावाचा खडक आहे. मुळात तो पाण्याच्या तळाशी साचलेला चिखल. जमिनीवर झाडे उगवण्याच्या कितीतरी आधीचा. त्या चिखलात सूक्ष्म जीवांचे अवशेष मिसळले. पुढे तो खोल गाडला गेला, दाबला गेला, तापला. मातीतून तामड्यासारखी खनिजे घडली आणि जीवांच्या अवशेषांतून ग्राफाइटचे चकचकीत पापुद्रे.

तुम्ही म्हणाल, हे कळले कशावरून? कार्बनचे अणू मुख्यतः दोन वजनांचे, १२ आणि १३. सुपात पाखडताना हलके वेगळे होते ना, तसे सजीव अन्न घडवताना हलका कार्बन किंचित अधिक घेतात. ती खूण ग्राफाइटमध्येही बरीचशी टिकते.

आता इंग्लंडमधील बॉरोडेलची खाण पाहा. तिथे सोळाव्या शतकापासून ग्राफाइट काढत, पण ते ज्वालामुखीच्या खडकांतल्या भेगांमधून. म्हणजे हा कार्बन पृथ्वीच्या पोटातलाच, असे वाटेल. पण तपासला तर तोही हलका! वर चढणाऱ्या शिलारसाने वाटेतले जुन्या काळ्या चिखलाचे खडक पोटात घेतले. त्यांतला कार्बन तप्त पाण्या-वायूंबरोबर भेगांत शिरला आणि तिथे साचला.

मूळ एकच, पण घडण वेगळी. खणणाऱ्याचा पैसा आणि घाम याच फरकावर अवलंबून असतो. थरातले ग्राफाइट थराच्या रोखाने शोधत जाता येते. भेगेतले मात्र एका जागी ढीगभर, तर चार हात पुढे काहीच नाही.

आपल्याकडचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. पण केवळ काळ्या रंगावर भुलू नये. ग्राफाइट बोटाला गुळगुळीत लागते, बोट काळे करते आणि कागदावर रेघ उमटवते. ही झाली पहिली खूण. पक्की पारख प्रयोगशाळेतच होते. गुरुजींनी पेन्सिलीचा तुकडा आणि अंगणातला काळा दगड मुलांच्या हाती द्यावा. फरक मुलेच सांगतील.