वस्तीवर हल्ला होतो, तेव्हा मुलांच्या मनाचे काय?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात १० जण मारले गेले. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावात हल्ला झाला. अशा वेळी आपण गुन्हा नोंदवणे, पंचनामा, नुकसानभरपाई यासाठी धावतो. ते हवेच. पण डोळ्यांदेखत हिंसा पाहिलेल्या मुलांचे काय?

झोप उडणे, दचकणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे हे सुरुवातीला स्वाभाविक असते. आधार मिळाला तर बहुतेक जण सावरतात. मात्र भेटीला येणारे प्रत्येक शिष्टमंडळ “काय झाले ते सांग” म्हणते, तेव्हा जखम पुन्हा उघडते. जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक प्रथमोपचार सांगतो : पाहा, ऐका, मदतीशी जोडा, बोलण्याची सक्ती नको.

म्हणून कार्यकर्त्यांनो, पोलीस आणि कोर्टातला जबाब टळत नाही, पण इतरांना माहिती एकाच जबाबदार कार्यकर्त्याने द्यावी. मारहाणीचा व्हिडिओ पुरावा म्हणून जपा, ग्रुपवर फिरवू नका. शाळा, खेळ, विहारातील वंदना लवकर सुरू करा.

महिन्यानंतरही त्रास कमी झाला नाही, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. कुणी मरणाची भाषा केली, तर त्याच दिवशी मदत घ्या. त्याला एकटे सोडू नका.