विमानाच्या शिडीवर पाय घसरला तर

केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईच्या पट्ट्यातली वयस्कर माणसंही आता विमानात बसू लागली आहेत. कुणी काशीला निघतं, कुणी बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या लेकाकडे. लोहगाव विमानतळाच्या वाटेवर मनात धाकधूक एकाच गोष्टीची असते, विमान पडलं तर? विमानाच्या शिडीवरून आपण पडलो तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरच्यांनी आधी विचार करायला हवा तो याचाच.

‘आता शिडी कुठे राहिली, सगळं एरोब्रिजवरून होतं,’ असं सांगणारे खूप भेटतात. लोहगावचं नवं टर्मिनल जुलै 2024 मध्ये सुरू झालं हे खरं, पण टर्मिनलमधून थेट दारापर्यंत नेणारा एरोब्रिज प्रत्येक विमानाला मिळतोच असं नाही. लांब उभ्या असलेल्या विमानापर्यंत बस नेते आणि पुढे शिडीच चढावी लागते. एअरबस ए-320 जातीच्या विमानाचं पुढचं दार जमिनीपासून सुमारे 11 फूट उंच असतं. पावसाळ्यात पायऱ्या ओल्या असतात, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला नातवंड, मागून लोकांची घाई. चढण्यापेक्षा उतरणं अधिक जपून करावं. बराच वेळ बसून पाय सुजलेले, आखडलेले असतात आणि एकदम उठलं की रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. पाचवारीच्या निऱ्या पायात अडकतात, काष्ट्याच्या नऊवारीला तो धोका कमी. सामान चेक-इनमध्ये देऊन टाकावं आणि एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा. गर्दी उतरून गेल्यावर शेवटी उतरलं तरी काही बिघडत नाही.

दुसरा समज व्हीलचेअरचा. ‘ती अपंगांसाठी, आपण कशी मागायची?’ असा संकोच असतो. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांनुसार ही मदत गरजू प्रवाशाला विनामूल्य मिळते. 48 तास आधी कळवून ठेवावं, एवढंच. पण खरी गफलत तिकीट काढताना होते. व्हीलचेअरचे प्रकार तीन. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालणं जमत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता-उतरता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आत आसनापर्यंतही उचलून किंवा खुर्चीतूनच न्यावं लागतं. पोरं घाईत पहिला प्रकार निवडतात, आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजीला शिडीच्या पायथ्याशी खुर्चीतून उठवून ‘चढा’ म्हटलं जातं. दुसरा प्रकार नोंदवला असेल, तर वर उचलणाऱ्या अँब्युलिफ्टची किंवा उताराच्या रॅम्पची सोय मागता येते. एजंटकडून तिकीट घेतलं असेल, तर नेमका कोणता कोड टाकला हे त्याला विचाराच.

खुर्ची नोंदवली म्हणून ती दाराशी हजर असतेच, असंही धरून चालू नये. 12 फेब्रुवारी 2024 ला न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या वृद्ध जोडप्याने दोन व्हीलचेअर सांगितल्या होत्या, मिळाली एकच. पत्नी खुर्चीत बसली आणि 80 वर्षांचे पती सोबत चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले, त्यांचा मृत्यू झाला. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, असं एअर इंडियाचं म्हणणं होतं. डीजीसीएने तरीही कंपनीला 30 लाख रुपयांचा दंड केला. बायकोला एकटं कसं सोडायचं, या विचाराने आपल्याकडचा कुठलाही म्हातारा माणूस असाच उठला असता. म्हणून घरून निघतानाच दोघांना बजावून ठेवा, दुसरी खुर्ची येईपर्यंत पहिलीही हलवू द्यायची नाही.

आता कायद्याचं. ‘विमान उडाल्यावरच कंपनीची जबाबदारी’ हे साफ चूक. 1999 च्या मोंट्रियल कराराच्या 17 व्या कलमात विमानात चढण्या-उतरण्याची क्रियाही धरलेली आहे. भारतात हा करार 2009 पासून लागू आहे. 2014 च्या अधिसूचनेने हीच चौकट देशांतर्गत प्रवासाला लावली, मर्यादा 20 लाख रुपयांची. आंतरराष्ट्रीय प्रवासात कंपनीचा दोष सिद्ध न करताही भरपाई मागता येते, ती 28 डिसेंबर 2024 पासून 1,51,880 एसडीआरपर्यंत (हे नाणेनिधीचं हिशेबी एकक), म्हणजे दीड कोटी रुपयांहून जास्त. एवढी रक्कम आपोआप मिळत नाही. हाती येतं ते सिद्ध झालेल्या नुकसानीपुरतंच. चढणं नेमकं कुठून सुरू होतं? 1973 मध्ये अथेन्स विमानतळावर झडतीच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांवर हल्ला झाला, तेव्हा आधीच्या, तशाच तरतुदीच्या करारानुसार अमेरिकी न्यायालयाने त्या रांगेलाही चढण्याचाच भाग मानलं.

‘तोल तुमचाच गेला, कंपनी काय करणार?’ हे उत्तर ऐकून लोक गप्प बसतात. व्हिएन्नात शिडी उतरताना एक महिला पडली, तिच्या हातावर लहान मूल होतं. पायऱ्या कोरड्या होत्या, पडण्याचं कारण सापडलं नाही. युरोपीय न्यायालयाने 2 जून 2022 ला तो करारातला ‘अपघात’च ठरवला. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण करार तोच असल्याने त्याचा दाखला देता येतो. मात्र प्रवाशाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तर भरपाई कमी होते किंवा नाकारलीही जाते. शरीरातल्याच आजाराने, बाहेरचं काही न घडता, आलेला झटका यात सहसा बसत नाही.

पडल्यावर ‘काही नाही झालं’ म्हणत उठून जाऊ नये. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलेलं असलं, तरी कधीकधी ते थोडं चालू शकतं. तिथेच कर्मचाऱ्यांना सांगून लेखी नोंद करून घ्यावी, विमानतळावरच्या डॉक्टरांना दाखवावं, बोर्डिंग पास आणि दवाखान्याचे केस पेपर जपून ठेवावेत. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे केंदूरच्या माणसाला पुण्यातच. करारानुसार दावा करायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती विमान पोहोचल्याच्या दिवसापासून मोजतात.